अळवाची पिवळी रांग

सालोमीला कुणी उपाशी राहिलेलं बघवत नाही. वसईजवळच्या आमच्या गिरीजला येऊन तिचं घर विचारा, कुणी आडनाव सांगणार नाही. "जेवल्याशिवाय जिथून सुटका नाही ते घर," एवढंच सांगतील. विजेचा मीटर बघायला येणारा माणूस तिच्याकडे भाकरी खातो, वर केळ्यांची फणी काखेत मारतो आणि पुढच्या घरचा मीटर बघायचाच विसरतो. तिची मांजरं इतकी जाड की उंदीर त्यांना बघून पळत नाहीत, नुसते बाजूला होतात.

ती माझी धाकटी जाऊ. वटारहून लग्न होऊन आली तेव्हा आमच्या सासूने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "फिलोमिना, तांदळाच्या कणगीवर लक्ष ठेव. ही पोर वाटून मोकळी होईल." सासू गेली, माझा नवरा गेला, सालोमीचाही गेला. कणगी काही रिकामी झाली नाही. तिची वाडी पिकतेच तशी. केळी, नारळ, अळू, कडेला मोगरा. केळीचं एक पान जरा फिकट पडलं की ही धावलीच. लगेच शेणखत, लगेच एरंडीची पेंड, लगेच अर्नाळ्याहून आणलेलं सुक्या मासळीचं खत. आमची घरातली बोली मी इथे लिहिली तर तुम्हाला निम्मी कळणार नाही, म्हणून मी शाळेतली मराठी लिहिते आहे. शाळेत मी थोडीच वर्षं होते, तेव्हा ती जितकी आली तितकी घ्या. पण सालोमी झाडांशी आमच्याच बोलीत बोलते आणि झाडांना ती कळते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळा लागता लागता आमच्या नळाच्या पाण्याला वास यायला लागला. चिखलाचा म्हणावा तर चिखलाचा नाही, ओलं फडकं डब्यात राहिल्यावर येतो तसा. मग पालिकेकडून एक मुलगी बाटल्या घेऊन आली. नाव दिपिका. आचोळ्याला राहते, पाण्याच्या खात्यात इंजिनिअर. उन्हाने तोंड लाल झालेलं. सालोमीने बाटलीच्या आधी तिच्यासमोर ताट ठेवलं. भाकरी आणि अळवाची भाजी.

"मावशी, मी ड्युटीवर आहे," दिपिका म्हणाली.

"ड्युटीला पोट नसतं काय? जेव."

दोन घास खाल्ल्यावर मुलीने विचारलं, "अळू कुठलं हो?"

"वाडीतलं. मोरीमागचं नाही, घाबरू नकोस. मोरीमागचं आम्ही खात नाही."

आमच्याकडे न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी कुणी गटारात सोडत नाही. घरामागे चर खणायचा, त्यात खडी टाकायची, काठाला कर्दळ, अळू, पुढे केळीचं बेट. पाणी त्यातून हळूहळू जातं. साबणाचं, खरकट्याचं, सगळं मुळं पिऊन घेतात. चराच्या शेवटी इतकं निवळ पाणी असतं की बेडूक येऊन बसतात. हे कुणी शोधून काढलं ते आम्हाला माहीत नाही. सासूच्या सासूच्या वेळेपासून आहे. दिपिका जेवण अर्धं टाकून मागे गेली आणि त्या चराशी उकिडवी बसली ती उठेचना. सालोमीला वाटलं, भाजी बाधली.

बाधली नव्हती. दिपिकाने आम्हाला सांगितलं ते असं. आमच्या नळाला पाणी येतं ते पूर्वेच्या डोंगरातल्या कारवीच्या तलावातून. त्या तलावाभोवती म्हशींचे तबेले आहेत, भाताची खाचरं आहेत. शेणामुताचं पाणी, युरियाच्या गोणीवर लिहिलेलं नत्र, स्फुरद, सगळं पावसात वाहत तलावात जातं. म्हणजे आपण झाडाला घालतो तेच खत तलावाला जातं. तलावात झाडं नाहीत, मग ते खातं कोण? शेवाळ खातं. खाऊन माजतं, मरतं, कुजतं, आणि तो वास आमच्या नळाला येतो.

"यांत्रिक गाळणी बसवायची तर प्रत्येक तबेल्याला कशी बसवणार?" ती म्हणाली. "पण हे तर प्रत्येक तबेल्याखाली करता येईल. मावशी, तुम्ही वर येऊन दाखवाल?"

"जेवण संपव, मग येते," सालोमी म्हणाली.

तशी ती गेली. तिच्याबरोबर मीही गेले. का, तर गाडीत जागा होती.

समुद्र मी जन्मभर बघितलाय. समुद्र सारखा बोलत असतो म्हणून त्याची भीती वाटत नाही. कारवीचा तलाव बोलत नव्हता. चारी बाजूंना डोंगर, मधे एवढं पाणी गप्प उभं. मला नळातून पाणी येतं एवढंच ठाऊक होतं. माझ्या सुनेची बाळंतपणं, आमच्या घरची लग्नं, मढ्याला घातलेली आंघोळ, सगळं या पाण्याने केलं आणि मी त्याचं तोंडही बघितलं नव्हतं. मी आपोआप क्रूस केला. सालोमीने माझ्याकडे बघितलं आणि तिनेही केला.

काठाला मात्र हिरवी साय धरली होती. रंगाचा डबा लवंडल्यासारखी. सालोमी म्हणाली, "वयनी, किती पुष्ट आहे बघ. कुणीतरी चांगलं खाऊ घातलंय." दिपिका कपाळाला हात लावून हसली.

पण हसण्यासारखं तिथे फार नव्हतं. पाणी पितो आम्ही, पालिकेच्या हद्दीतले. डोंगर मात्र तीन ग्रामपंचायतींचा. पालिकेने आजवर त्यांना नोटिसांशिवाय काही पाठवलं नव्हतं आणि त्यांनी त्या नोटिसांना कधी उत्तर दिलं नव्हतं. आता सगळ्यांची मिळून बैठक बसली, कारवीपाड्याच्या शाळेत. बाकं लहान पोरांची, म्हणून साहेब आणि सरपंच सगळे सतरंजीवर. मी दारात बसून बघत होते. ज्यांनी एकमेकांची तोंडं बघितली नव्हती ते एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसले होते आणि कुणाचेच पाय नीट मावत नव्हते.

कारवीपाड्याची सरपंच शकू. ठेंगणी, खणखणीत आवाजाची, एका हातात फोन, दुसऱ्या हातात छत्री. छत्री उघडत नाही, नुसती आपटते.

"पानी पिता तुम्ही," ती पालिकेच्या साहेबांना म्हणाली, "नि पाप आमच्या म्हशींचं. तबेले डोंगरापलीकडं न्या म्हनता. तिकडं पानी हाय का? चारा हाय का? म्हशी काय टाकीवर बसवायच्या?"

तिच्यामागे हरेश उभा होता. उंच, काटकुळा, गुडघ्यापर्यंत ओला. त्याचा तबेला सगळ्यांत मोठा आणि ओढ्याला सगळ्यांत जवळ. तो एवढंच बोलला, "हलवल्या तर मला इकाव्या लागतील, साहेब. बापापासून हायेत."

शेवटी ठरलं ते असं. तबेले तूर्त हलणार नाहीत. घट्ट शेण वाळवून खाली वसईच्या वाड्यांना जाईल, त्याची गाडी पालिका देईल. तबेला धुतल्याचं पाणी आधी खड्ड्यात, मग सालोमी दाखवेल तशा वाफ्यातून ओढ्यात. पहिला वाफा हरेशच्या तबेल्याखाली. डिसेंबर संपायच्या आत त्या वाफ्याच्या शेवटचं पाणी स्वच्छ निघालं तर बाकीच्या दोन पंचायती सही करतील आणि सगळीकडे वाफे होतील. नाही निघालं तर तबेले हलवायचे, हरेशचा पहिला.

सगळे उठले तेव्हा हरेश सालोमीसमोर येऊन उभा राहिला. "मावशी, होईल ना?"

"का नाही होणार? माझ्या हातून काही मेलंय काय आजवर?"

हे ती सहज बोलली. पण तो माणूस ते बोलणं घेऊन घरी गेला.

ईस्टरनंतर वाफा झाला. लांब चर, त्यात खडी, खडीत आधी कर्दळ, मग वाळा, मग अळू. खणायला हरेश आणि त्याची बायको, खडी पालिकेची, कर्दळीचे कंद सालोमीच्या वाडीतले. ती दर आठवड्याला वर जायची. जाताना डबा, येताना ताक. हरेशच्या बायकोला तिने आमची अळवाची भाजी शिकवली आणि म्हशींना नावं ठेवली. एकीचं नाव तिने सासूवरून ठेवलं. ते मी फादरांना सांगितलेलं नाही.

पावसाळा सरता सरता दिपिकाने बाटल्या भरून नेल्या. तिचा फोन आला तेव्हा सालोमी भाजी चिरत होती. "मावशी, रिपोर्ट मस्त आहे! आत जातं त्याच्या मानाने बाहेर काहीच नाही!" सालोमीने मला मिठी मारली ती चाकूसकट.

दिवाळी झाल्यावर पुन्हा बाटल्या गेल्या. या वेळी दिपिकाने फोन केला नाही, स्वतः आली. ताट पुढे आलं तरी बसली नाही.

"मावशी, बाहेर पडणाऱ्या पाण्यात आत जाणाऱ्यापेक्षा जास्त खत आहे. असं होऊच शकत नाही. मी दोनदा तपासलं."

मग जे व्हायचं तेच झालं. पालिकेतले म्हणाले, हरेश वाफा चुकवून शेणपाणी थेट सोडत असणार. शकू म्हणाली, पालिकेनेच बाटल्या बदलल्या, त्यांना तबेले उठवायचेच आहेत. बाकीच्या दोन पंचायती म्हणाल्या, आम्ही अजून सही केलेली नाही, बरं झालं. हरेशने म्हशीच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली. शपथेने पाणी तपासता येत नाही, असं कुणीतरी म्हणालं. एक व्यापारी येऊन म्हशींचे दात बघून गेला.

सालोमी जेवेना. हे मी पहिल्यांदाच बघत होते. म्हणाली, "वयनी, तो पोरगा खोटं बोलत नाही. मी त्याला शब्द दिलाय. काहीतरी दुसरं आहे."

पुन्हा बैठक बसली. या वेळी कुणी मांडीला मांडी लावून बसलं नाही. सतरंजीच्या मधोमध मोठी मोकळी जागा, तिच्यावरून नुसती बोलणी इकडून तिकडे. शेवटी शकूने छत्री आपटली. "इथं बसून काय कळनार? चला वाफ्यावर. डोळे हायेत ना सगळ्यांना?"

सगळे निघाले. कर्दळ माणसाएवढी वाढली होती, लाल फुलं लागलेली. पुढे वाळा. पुढे अळू. आणि अळवाची शेवटची रांग बघून मी थांबलेच. हत्तीच्या कानाएवढी पानं, काळपट हिरवी, चकचकीत. त्या रांगेत हरेशची दोन मांजरं खडी उकरत बसली होती.

"ही बघा," सालोमी पुढे झाली. तिचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदाच उजळला. "कोण म्हणतं वाफा बिघडला? ही रांग तर मरायला टेकली होती. पिवळी, बारकी, नुसत्या काड्या. मला बघवेना."

दिपिका हळू आवाजात म्हणाली, "मावशी, मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? खाऊ घातलं. मासळीचं खत, मूठमूठ. वर पेंडीचं पाणी. दर आठवड्याला."

सगळे त्या मांजरांकडे बघायला लागले. एक मांजर खडीतून मासळीचा तुकडा काढून चावत होतं.

सालोमीने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. "काय झालं?"

दिपिका तिच्याजवळ जाऊन खाली बसली. ती मुलगी ओरडली असती तर मी समजले असते. ती ओरडली नाही. "मावशी, पाणी पहिल्या रांगेतून येतं. कर्दळ तिला हवं ते खाते. उरलेलं वाळा खातो. मग अळवाच्या पुढच्या रांगा. शेवटच्या रांगेपर्यंत खायला काही उरलंच नाही, म्हणून ती पिवळी पडली. ती उपाशी होती म्हणजे पाणी स्वच्छ होतं. ती पिवळी रांगच आपला रिपोर्ट होती."

सालोमी उभीच राहिली. तिला ते लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा तिने आधी हरेशकडे बघितलं. मग स्वतःच्या हातांकडे. मग ते हात पदराखाली घेतले, जणू कुणी बघू नयेत.

"मग मीच," ती म्हणाली.

हसली ती शकू. छत्री खांद्यावर टाकून, पोट धरून हसली. "आम्ही इतके दिवस चोर शोधत व्हतो! चोर नाय सापडला, ही आईच सापडली!" मग पालिकेच्या साहेबांकडे वळली. "काय साहेब, आता कुनाला नोटीस देता? हिला द्याल?"

साहेबही हसले. पण दुसऱ्या पंचायतीचा सरपंच हसला नाही. तो म्हणाला, "चूक कुणाची का असंना, पाणी घाणच निघालं. डिसेंबर तो डिसेंबर. साफ करता येतंय का बघा, नाहीतर ठरलंय ते ठरलंय." त्याचंही खोटं नव्हतं. बोलणं ते बोलणं.

आता मी जे सांगणार आहे ते सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो.

वाफ्याचा शेवटचा भाग उकरायचा होता. अळू काढायचं, खतात भिजलेली खडी बाहेर काढून धुवायची आणि ते धुतलेलं पाणी ओढ्यात न जाऊ देता पिंपांत भरून दूर केळीखाली ओतायचं. हरेश आणि सालोमी दोघांचं हे काम नव्हे. पण पुढच्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर गिरीजच्या बायका टोपल्या घेऊन गाडीत बसल्या. वर गेलो तर कारवीपाड्याच्या बायका आधीच कासोटा घालून उभ्या. पालिकेचे लोक पिंपं घेऊन आलेले. साहेबांनी बूट काढून ठेवले होते आणि ते बूट एक बकरी हुंगत होती. आणि ज्या सरपंचाने "ठरलंय ते ठरलंय" म्हटलं होतं तो आपल्या गावची माणसं घेऊन आला होता.

"तुम्ही कसे?" मी विचारलं.

"आजी, सही केली नाय म्हनून काय हात नाय लावायचा?" तो म्हणाला.

टोपली एका हातातून दुसऱ्या हातात जायची. आमच्या हातातून त्यांच्या, त्यांच्या हातातून साहेबांच्या. कुणाच्या टोपलीत कुणाच्या गावची खडी, कुणाला ठाऊक. दगड न दगड धुतला. मी म्हातारी, मला सावलीत बसवून धुतलेली खडी हलक्या हातांनी पसरायला दिली. मी चर्चच्या सणाला इतकी माणसं बघितलीत, पण तिथे सगळे एका पंथाचे. इथे ज्यांचं भांडण होतं तेच एकमेकांच्या पाठीवर पाणी उडवत होते. आणि खाली तलाव, तसाच गप्प. मला वाटलं, तो बघतोय.

मग सालोमीची पाळी. नवीन अळू लावलं आणि दिपिकाने तिला सांगितलं, "मावशी, आता काही घालायचं नाही. काहीही."

"नाही घालणार."

आठवड्याने आम्ही वर गेलो. रांग फिकट झाली होती. त्यानंतरच्या आठवड्यात पिवळी. पानं बारीक, कडा करपलेल्या. सालोमी वाफ्याच्या काठावर बसली. दोन्ही हात मांडीवर, एकावर एक दाबून धरलेले. तोंडाने पुटपुटत होती. मला वाटलं प्रार्थना करतेय. जवळ गेले तर त्या रांगेलाच सांगत होती, आमच्या बोलीत, "जरा सोस बाय. जरा सोस. तू उपाशी राहिलीस तर त्याच्या म्हशी राहतील."

मी उपवासकाळ पाळणारी बाई. चाळीस दिवस मांस सोडते आणि त्याचा थोडा गर्वही करते. स्वतः उपाशी राहणं सोपं आहे हो. जिने जन्मभर भरवलं तिने समोरच्याला उपाशी ठेवून बघत बसायचं, हा उपवास मी कधी केला नाही. त्या दिवशी मला माझ्या या जावेसमोर गुडघे टेकावेसे वाटले. गुडघे टेकले असते तर पुन्हा उठता आलं नसतं, म्हणून टेकले नाहीत.

नाताळाच्या आधीच्या आठवड्यात तपासणी ठरली. शकूने आधीच बजावलं होतं, "बाटल्या शहरात न्यायच्या नाय. आमच्या समोर करा, आमच्या उजेडात." म्हणून दिपिका एक पेटी घेऊन आली. तिन्ही सरपंच आले. पालिकेचे साहेब आले. व्यापारीही आला, टेम्पो घेऊन, कारण हरेशने त्याला सांगून ठेवलं होतं, ठरलं तर आजच. टेम्पोत पेंढा पसरलेला. मागचं फळकं उघडं. म्हशी टेम्पोकडे बघत रवंथ करत होत्या. हरेश कुणाकडेच बघत नव्हता.

दिपिकाने दोन काचेच्या नळ्या काढल्या. एकीत खड्ड्यातलं पाणी, गाळून घेतलेलं. दुसरीत वाफ्याच्या शेवटचं. "दोन्हींत एकच औषध घालते," ती मोठ्याने म्हणाली. "खत असेल तर पाणी निळं होईल. जितकं खत तितकं निळं."

थेंब टाकले. पहिली नळी निळी व्हायला लागली. आधी शाईचा डाग, मग मेरीमातेच्या निळ्या झग्यासारखी, मग त्याहून गडद. बायका "अगं बाय" म्हणाल्या. दिसत नव्हतं ते दिसायला लागलं होतं. इतकी वर्षं हे आम्ही पीत होतो आणि ते पाण्यासारखं दिसत होतं.

दुसरी नळी तशीच.

"थांबा," साहेब म्हणाले. "वेळ लागतो."

थांबलो. हरेशची बायको माझा दंड धरून उभी होती, तिची नखं मला लागत होती. नळी तशीच. शकूने छत्री खाली ठेवली, नळी दिपिकाच्या हातून घेतली, उन्हात धरली, फिरवली. तिच्या पलीकडे डोंगर दिसत होता, तलाव दिसत होता, उलटा आणि एवढासा.

"यात काय नाय," शकू म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. तिने नळी दुसऱ्या सरपंचाला दिली, त्याने तिसऱ्याला, त्याने साहेबांना. देवळातला दिवा द्यावा तशी ती काच एका हातातून दुसऱ्या हातात गेली. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी होताना बघितल्या. त्या दिवशी काही न होताना बघितलं, आणि त्याच्याइतकं मोठं मी काही बघितलेलं नाही.

नळी शेवटी सालोमीपाशी आली. तिने घेतली नाही. हात मागे धरले. "नको," म्हणाली, "माझ्या हाताचा काही भरवसा नाही." तेव्हा कुठे सगळे हसले. हरेश हसत नव्हता. तो मान खाली घालून तिच्या पायाशी वाकला होता आणि ती त्याच्या डोक्यावर टपली मारत म्हणत होती, "उठ, उठ, जेवलास का सकाळपासून?"

सह्या तिथेच झाल्या, टेम्पोच्या फळक्यावर कागद ठेवून, कारण सपाट जागा दुसरी नव्हती. व्यापारी चहाचा कप घेऊन बाजूला उभा. "माझा फेरा फुकट गेला ना पण," तो हरेशला म्हणाला.

"नाय जात," शकू म्हणाली. "हे दोघं सरपंच म्हनतायत त्यांच्याकडचा वाफा आजच आखायचा. कर्दळ कशात न्यायची त्यांनी? डोक्यावर?"

सालोमी तोवर वाफ्यात उतरली होती. पहिल्या रांगा इतक्या माजल्या होत्या की विरळ कराव्याच लागणार होत्या. ती कोयत्याने गड्डे फोडून देत होती, हरेश उचलत होता, त्याची बायको पेंढ्यावर रचत होती. म्हशींसाठी पसरलेल्या पेंढ्यावर ओली मुळं, चिखल, लाल फुलं. व्यापारी "अहो, गाडी खराब होईल," म्हणत राहिला आणि शेवटी कप ठेवून तोही गड्डे धरायला आला.

टेम्पो तलावाच्या काठाने पलीकडच्या गावाला निघाला. फळक्यावरून कर्दळीचे तुरे बाहेर लोंबत हलत होते. दोन्ही सरपंच मागे उभे, तोल सांभाळायला एकमेकांचे खांदे धरून. रस्ता काठाकाठाने वळतो, त्यामुळे गाडी पुष्कळ वेळ दिसत राहिली. हरेश म्हशींना पाणी पाजायला गेला.